लाल मुंग्यांवर रॉकेल, रवा, मीठ अन् उरलेलं औषध: काय कामाचं, काय अंगावर येणारं

गेल्या कार्तिकात आमच्या वावरात वेचणी चालू होती. वेचायला आलेल्या एका बाईनं आपलं सव्वा वर्षाचं लेकरू धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून निजवलं होतं. अर्ध्या तासानं ते असं किंचाळलं की साऱ्या बाया ओटीतला कापूस सांडत धावल्या. झोळीच्या दोरीवरून लाल मुंग्या उतरल्या होत्या. पोटऱ्या, मांड्या, कानामागं, सगळीकडं चिकटलेल्या. लेकरू दोन दिवसांत बरं झालं.

त्या संध्याकाळी मात्र धुऱ्यावर जो तो वैद्य झाला. "रॉकेल टाक अन् काडी लाव, मंग पाय कशा मरतात त." दुसरा म्हणे, "रवा टाक, पोट फुगून मरते ते." तिसऱ्याला जुनं कीटकनाशक आठवलं, "थिमेट पडलं असंन घरी, मूठभर दे." रॉकेल आता रेशनवर दिसत नाही, म्हणून मी ट्रॅक्टरच्या कॅनमधलं दोन लिटर डिझेल बिळात ओतलं. बाजूला उभी पऱ्हाटी होती म्हणून काडी लावली नाही, एवढंच काय ते शहाणपण. आठव्या दिवशी जुन्या बिळावर शुकशुकाट होता आणि पाच पावलांवर मातीचे दोन नवे ढीग. डिझेल पडलं होतं तिथं मिरग लागला तरी गवताची काडी उगवली नाही.

तेव्हापासून या मुंगीच्या मागं लागलो.

आधी मुंगी कोणती ते पाहा

लाल दिसली की ती आग्या मुंगी, असं नाही. आंब्याची, मोहाची पानं शिवून झाडावर घरटं करते ती लांब पायाची तांबडी मुंगी वेगळी. तिला नांगी नसते. ती चावते आणि जखमेवर आम्ल सोडते. घरात साखरेच्या डब्याला लागणारी बारीक पिवळसर-तांबडी मुंगीही वेगळी; तिचा त्रास सांडलवंडीपुरता. आणि नागपंचमीला आपण पूजतो ते वारूळ मुळात मुंग्यांचं नसतंच, ते उधई बांधते.

आपल्या वावरात आग लावते तिचं शास्त्रीय नाव सोलेनोप्सिस जेमिनाटा. मूळची अमेरिका खंडातली, जहाजांतल्या मालाबरोबर जगभर पसरलेली. ओळखायच्या खुणा अशा: एकाच रांगेत लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या मुंग्या, त्यांत काहींची डोकी अंगाच्या मानानं फार मोठी आणि चौकोनी. बिळाभोवती मोकळी भुसभुशीत माती, तोंडं अनेक, जवळ गवताच्या बियांची टरफलं. काडी खुपसली की काही क्षणांत काडीवर चढतात. ही मुंगी जबड्यानं कातडी धरते आणि मागची नांगी टोचते, मग धरलेली जागा न सोडता अंग फिरवून पुन्हा टोचते. म्हणून डंख बहुधा घोळक्यानं दिसतात.

तिची एक सख्खी बहीण आहे, सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा. 1930 च्या दशकात ती दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबाईल बंदरात उतरली आणि तिथून दक्षिणेकडची राज्यं तिनं व्यापली. व्हॉट्सॲपवर फिरणारे बरेचसे 'घरगुती उपाय' तिच्यासाठीचे आहेत. तिकडचे लोक मक्याची भरड टाकतात, आपल्याकडं येईस्तोवर तिचा रवा झाला.

वर मारून का भागत नाही

जमिनीवर दिसतात त्या बाहेर चारा आणायला निघालेल्या थोड्या मुंग्या. बाकीचा संसार खाली. राणी, अंडी, अळ्या, पिल्लं सांभाळणाऱ्या कामकरी, सगळं बोगद्यांत, आणि ते बोगदे हात-दोन हात सहज खोल जातात. काही घरट्यांत राणी एक असते, काहींत अनेक. राणी जिवंत राहिली तर मेलेल्या मुंग्यांची भरपाई होत राहते. वरून त्रास झाला की कामकरी अंडी-अळ्या तोंडात धरून राणीसकट दुसरीकडं निघतात. माझे दोन नवे ढीग असे आले.

मरायच्या वेळी मुंगीला पंख फुटतात असं आपण म्हणतो. नराच्या बाबतीत ते खरं आहे. पहिल्या जोराच्या पावसानंतर उडालेल्या माद्या मात्र खाली उतरून पंख गाळतात, माती उकरतात आणि महिन्याभरात त्यांची पहिली कामकरी पिढी बाहेर पडते. तेव्हा कोणत्याही उपायाला एकच परीक्षा लावा: दुसऱ्या दिवशी किती मेल्या ते मोजू नका. पंधरा दिवसांनी ढिगात काडी खुपसा आणि दहा पावलांच्या वेढ्यात नवा ढीग आलाय का ते पाहा.

उपाय एकेक करून

*रॉकेल, डिझेल, पेट्रोल.* सगळ्यात जास्त वापरले जाणारे आणि सगळ्यात वाईट. वरच्या मुंग्या मरतात हे खरं, पण तेल खोलवर सारखं पोचत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि काडी लावणाऱ्याच्या पायाशी पेट घेते. कडब्याची गंजी, कोठा, वाळलेली पऱ्हाटी जवळ असेल तर पुढचं सांगायला नको. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून तेल खाली जातं, आणि विहीर जवळ असेल तर पाण्याला तेलाचा वास येतो. आणखी एक धोका घरातला. असं तेल पाण्याच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवायची आपली सवय. लेकरानं ते प्यायलं तर उलटी करवू नका; उलटीत तेल फुप्फुसात जातं. तसंच उचलून दवाखान्यात न्या.

*रवा, तांदूळ, बेसन.* समज असा की मुंगी खाते, पोटात फुगतं, ती फुटते. मोठी मुंगी घन पदार्थ गिळूच शकत नाही. तिच्या घशात गाळणीसारखी रचना असते, फक्त पातळ आत जातं. घन कण ती घरट्यात नेऊन मोठ्या झालेल्या अळ्यांना देते, त्या ते पचवून पातळ करून परत देतात. म्हणजे तुम्ही टाकलेला रवा हे त्यांचं धान्य. आमची आजी अमावस्येला मुंग्यांना पीठ-साखर घालायची पुण्य म्हणून. परिणाम तोच, फक्त तिला तो माहीत होता. खायचा सोडाही असाच. त्यानं घरटं मेल्याचं मी अजून पाहिलं नाही, आणि व्हिनेगर त्यात घालून फेस काढल्यानं फक्त फेस येतो.

*हळद, हिंग, दालचिनी, लिंबू, राख.* यांनी वाट बदलते, घर बदलत नाही. उंबऱ्यावर टाकायला हरकत नाही. वावरात टाकून पैसे घालवू नका. कळीचा चुना मात्र टाकूच नका. ओल्या जागी तो तापतो, आणि वाऱ्यानं डोळ्यांत गेला तर बुबुळ भाजतं.

*मीठ.* अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या कास्तकाराला मिठानं जमीन कशी होते हे सांगायची गरज नाही. सोडियमनं चिकणमातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही, वाळली की ढेकूळ विटेसारखं. घरटं मरेल एवढं मीठ टाकलंत तर ती जागा कैक पावसाळे नापीक राहील, आणि मुंग्या शेजारच्या सरीत.

*एका ढिगाची माती दुसऱ्यावर टाकणं.* दोन घरटी लढून मरतील अशी कल्पना. थोडी मारामारी होते, आणि फावडं धरणाऱ्याच्या टोंगळ्यापर्यंत मुंग्या चढतात.

*संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर.* दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. बिळाशी वाकून ओतणाऱ्याच्या नाकातच तो जातो.

*मुंग्यांचा खडू.* हा घरगुती उपाय नव्हेच, ते डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक आहे. चुलीजवळ, पिठाच्या डब्याखाली रेघा ओढतो आणि तुकडा शाळेच्या खडूशेजारी ठेवतो. घरट्यावर त्याचा परिणाम नाही, पण लेकरू तो तोंडात घालू शकतं.

*फवारणीचं उरलेलं औषध.* इथं थोडं थांबतो, कारण आपल्या भागात खरं मरण या उपायात आहे. कोपऱ्यात पडलेलं थिमेट म्हणजे फोरेट. सरकारच्या 2018 च्या आदेशानं ते 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. मिथाइल पॅराथिऑनची पावडर, जिला आपण अजून फॉलिडॉल म्हणतो, ती त्याच आदेशानं 2018 मध्येच बंद झाली. घरोघरी माश्या-मुंग्यांसाठी वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉसही त्याच यादीत आहे. तरी डबे निघतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती तर पिकावरची फवारणी होती. तेच विष मूठभर घेऊन, हातमोजे न घालता, खर्रा तोंडात असताना, अंगणातल्या बिळात टाकायचं, जिथं कोंबड्या टिपतात आणि लेकरं मातीत खेळतात! फोरेटचे दाणे चोचीत गेलेली कोंबडी मरते, ती ओढून नेणारं कुत्रं मरतं. एकदा आमच्याच शेजारच्या आवारात दोन दिवसांत सात कोंबड्या आणि एक मांजर गेलं. मुंग्या तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडं होत्या.

*उकळतं पाणी.* याला मी नुसतं नावं ठेवणार नाही. अमेरिकेत टेक्सासच्या कृषी विस्तार विभागाचा आकडा आहे: ढिगामागं साधारण 11 लिटर जवळपास उकळतं पाणी ओतलं तर सुमारे 60 टक्के ढीग संपतात. म्हणजे दहातले चार उरतात, आणि तांब्याभर पाणी ओतणाऱ्याचे दहाच्या दहा. धोका भाजण्याचा, आणि जवळच्या रोपाच्या मुळांचा. संत्र्याच्या बुडाशी हा उपाय करू नका.

मग करायचं कसं

पहिला प्रश्न: मारायच्या आहेत का? दूरच्या धुऱ्यावर, माणसांची वर्दळ नसेल तिथं मी त्यांना हात लावत नाही. त्या बोंडअळीची अंडी, लहान अळ्या खातात, हाही हिशोब आहे. दुसऱ्या बाजूला त्या मावा आणि पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा पितात आणि त्यांची राखण करतात. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचं नावच फिनाकॉकस सोलेनोप्सिस, कारण 1898 मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं ते या मुंगीच्या घरट्यात सापडल्यावरून. तेव्हा कपाशीच्या झाडावर मुंग्यांची रांग खालीवर चालताना दिसली तर मुंगीवर डूख न धरता वरच्या शेंड्याची पानं उलटून पाहा. मिरची-टोमॅटोचा वाफा, पेरलेला तीळ किंवा ज्वारी, ठिबकची नळी, मोटारीच्या स्टार्टरची पेटी, कोठा, अंगण, शाळेची पायरी, या जागा मात्र सोडायच्या नाहीत.

आमिष, म्हणजे विष कालवलेलं खाणं, हा एकच उपाय खोल बसलेल्या राणीपर्यंत जातो, कारण मुंग्याच तो स्वतः तिच्यापर्यंत नेतात. त्यासाठी विष संथ हवं. झटपट मारणारं आमिष वाटेतच संपतं.

1. भूक तपासा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ढिगापासून दोन हातांवर कागदावर तेल लावलेला शेंगदाण्याचा चुरा आणि शेजारी साखरपाण्याचा बोळा ठेवा. अर्ध्या तासात कशावर गर्दी होते ते पाहा. कशावरच नाही, तर आज आमिष टाकून उपयोग नाही. चैत्र-वैशाखात दुपारी त्या बाहेर येतच नाहीत. पहाट किंवा रात्र धरावी लागते. पारा 21 ते 35 अंशांत असतो तेव्हा त्या चांगल्या फिरतात.

2. आमिष घ्या. कृषी केंद्रावर लेबल वाचून मागा: त्यावर 'मुंग्या' हे नाव छापलेलं पाहिजे, वापरायची जागा छापलेली पाहिजे. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल अति विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, हिरवा सगळ्यांत सौम्य. दुकानदारानं पुडीत बांधून सुटं दिलं तर परत द्या. शंका असेल तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर मराठीत विचारता येतं.

3. तसं आमिष मिळालं नाही आणि मुंग्या गोडावर येत असतील तर बोरिक पावडरचं साखरपाणी चालतं. कॅरमची पावडर म्हणून ती बऱ्याच घरांत असते, पण मेडिकलमधून शुद्ध घ्या. एक लिटर पाणी, 100 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम बोरिक पावडर, काट्यावर मोजून. 'जरा जास्त टाकू, लवकर मरतील' इथंच आपला उपाय फसतो. जास्त झालं की मुंग्या टाळतात किंवा घरी पोचण्याआधी मरतात. झाकणाला मुंगीपुरतीच भोकं पाडलेल्या बाटलीत कापसाचा बोळा भिजवून ठेवा, म्हणजे मधमाश्या येणार नाहीत. बाटलीवर 'विष' लिहा, विटेखाली अडकवा, लेकरांच्या-ढोरांच्या तोंडापासून दूर. बोरॉन झाडांना जाळतं, म्हणून पाणी मुळाशी सांडू नका.

4. टाकायची पद्धत. ढिगावर नाही. ढिगापासून सुमारे एक मीटरवर, भोवती कडं करून. जमीन कोरडी हवी, पुढचा एक दिवस पाऊस आणि ओलीत नको. ढीग आधी उकरू नका. बिथरलेली मुंगी चारा उचलत नाही, ती चावते. हातमोजे घाला आणि खर्रा घोटलेले हात लावू नका. तंबाखूच्या वासानं आमिष वाया जातं, आणि विषाचे हात पुन्हा तोंडाकडं जातात ते वेगळंच.

5. थांबा. एक ते सहा आठवडे. या काळात रॉकेल, पावडर, काहीही वर टाकायचं नाही. हीच गोष्ट आपल्याला जमत नाही. दहाव्या दिवशी चार मुंग्या दिसल्या की कोणीतरी डबा घेऊन येतंच.

दारातल्या एखाद्याच ढिगाला आजच हटवायचं असेल तर उकळतं पाणी, पण नीट. पूस-माघातली थंड सकाळ निवडा, ऊन येऊन तासभर झाल्यावर. ऊब घ्यायला राणी आणि पिल्लं तेव्हा वर आलेली असतात. बूट, पूर्ण पँट, लांब दांड्याचं भांडं, लेकरं घरात. आधी सभोवार, मग मध्ये, सगळं 11 लिटर एका दमात. आठवड्यानं पुन्हा पाहा.

चावल्यावर

पाणी ओतत बसू नका, त्या धरून ठेवतात. जागेवरून हला, फडक्यानं किंवा हातानं जोरात पुसून काढा, कपडे झटकून टाका. मग साबणपाणी आणि थंड ओलं फडकं. खाजेला कॅलामाइन चालतं.

चुना, सोडा, टूथपेस्ट लावणारे म्हणतात की मुंगीचं विष आम्ल आहे, अल्कलीनं उतरतं. या मुंगीच्या विषाचा मोठा भाग अल्कलॉइड आहे, आणि तो कातडीच्या आत टोचलेला असतो. वरून लावलेला चुना फक्त कातडी जाळतो. रॉकेल, तंबाखूही तसंच. काहींना दुसऱ्या दिवशी पांढरट फोड येतो. तो फोडू नका. साखरेचा आजार असलेल्या माणसानं पायावरचे डंख रोज पाहावेत. लाली पसरली, पू आला, ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्र.

विषात प्रथिनं अगदी थोडी असतात, पण जिवावर बेतणारी ॲलर्जी त्यांनीच होते. डंखाच्या जागेपासून दूर सगळ्या अंगावर गांधी, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर, लेकराचं अचानक गळून जाणं: यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि वाट पाहत हळद लावू नका. माणसाला आडवं निजवा, पाय उंच. धाप लागत असेल तर बसतं ठेवा, पण उभं करून चालवू नका. तिथं मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, ते घरात नसतं. घरात कोणाला पूर्वी मुंगी-गांधीलमाशीनं असं झालं असेल तर ते डॉक्टरला आधीच सांगून ठेवा.

जनावरांत नुकती जन्मलेली वगार, करडू आणि अंड्यातून निघणारी पिल्लं यांना धोका मोठा. ती हलू शकत नाहीत, आणि मुंग्या ओल्या डोळ्यांवर, नाळेवर जातात. गाभण म्हैस दिवस भरत आली की कोठ्यातले ढीग आधीच बघून घ्या, व्याल्यावर वार लगेच उचलून पुरा.

एक घरगुती उपाय मात्र शंभर टक्के चालतो, आणि तो मारण्याचा नाही, अडवण्याचा आहे. आमची आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची, खाटेचे पाय वाट्यांत. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे मुंगी वरच्या वर चालून जात नाही, बुडते. खुराड्याच्या पायांना हेच करा. यंदा आमच्याकडं वेचणीला बाया आल्या तेव्हा झोळी बाभळीला बांधली नाही. तीन बांबूंची तिकाटणी केली, तिन्ही पाय तेलाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यांत साबणपाणी. दर दोन तासांनी एकजण पाणी बघून यायची, कारण ऊन पाणी पितं आणि वाऱ्यानं पडलेलं एक पानही मुंगीला पूल होतं.